मागच्या बाकावरचा श्रोता

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक प्रसंग आहे. मंडळी जमलेली आहे. दोन अनोळखी माणसं आत येतात. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी, अंगावर भारी कपडे. दुसऱ्याचे कपडे मळके. पहिल्याला चांगली जागा मिळते. दुसऱ्याला सांगितलं जातं, उभा राहा, नाहीतर इथं खाली पायाशी बस. याकोब असं करणाऱ्यांना सरळ वाईट विचारांचे न्यायाधीश म्हणतो. चर्च नावाची इमारत उभी राहण्याच्या आधीचं हे पत्र. लोक कुणाच्या तरी घरात जमायचे, आणि दारातून आत आलेल्या नव्या माणसाला कुठं बसवायचं हा प्रश्न तेव्हाही होताच.

मी अहिल्यानगरच्या, म्हणजे आमच्या तोंडच्या नगरच्या, एका मराठी मंडळीतली. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. पाळकसाहेब बाहेरगावी असले किंवा महिला रविवार असला की प्रवचनाची पाळी माझ्यावर येते. एरवी दाराशी उभी राहून मी येणाऱ्यांना गीतांचं पुस्तक देते. ही दोन कामं आमच्याकडे वेगळी धरतात. प्रवचन अभ्यास केलेल्याचं, पुस्तकं वाटणं कुणाचंही. मला ती एकाच कामाची दोन टोकं वाटतात. प्रवचन कसं झालं हे मागच्या बाकावर पहिल्यांदाच येऊन बसलेल्या माणसाला काय कळलं यावरून ठरतं. आणि त्याला काय कळणार हे बरंचसं दारातच ठरून गेलेलं असतं.

ज्यांनी आमची उपासना कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रविवारी सकाळी गीतानं सुरुवात होते, मग प्रार्थना, पापांची कबुली, मग बायबलमधले उतारे मोठ्यानं वाचले जातात. जुन्या करारातला एक, प्रेषितांच्या पत्रांतला एक आणि चार शुभवर्तमानांपैकी एकातला. त्यानंतर प्रवचन. मग अर्पण, आणि ठरलेल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस. शेवटी आशीर्वाद. कॅथलिकांच्या मिस्साचा साचा थोडा वेगळा असतो, पण आधी वाचन आणि मग त्यावर बोलणं हा क्रम तिथंही तोच. पुष्कळ चर्चमध्ये उतारे आधीच ठरलेले असतात. तीन वर्षांचं चक्र असतं. एक वर्ष मुख्यतः मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान त्यात मधूनमधून पेरलेला. वक्त्यानं आपल्या आवडीचंच बोलत राहू नये याला ही पद्धत फार चांगली. न आवडणारा, अडचणीचा उताराही कधीतरी समोर येतोच.

वाचून मग समजावून सांगायची ही रीत मुळात आमची नाही, यहुदी लोकांची आहे. नहेम्याच्या पुस्तकात बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत एका चौकात जमतात. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. लोकांमध्ये लेवी, म्हणजे मंदिराच्या सेवेतले लोक, फिरत असतात आणि वाचलेल्याचा अर्थ समजावून सांगतात. प्रवचनाचं मूळ मला तिथं दिसतं. वाचलेलं लोकांना कळत नाही, हे त्यांनी लोकांचा दोष मानलं नाही. सांगणाऱ्याचं काम मानलं. पुढे सुमारे 155 साली रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकानं सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या निवेदनात रविवारच्या सभेचं वर्णन केलं आहे. वेळ असेल तितकं वाचन, मग प्रमुखाचा उपदेश, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस. जमलेलं दान कुणासाठी तेही त्यानं लिहिलं आहे: अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, आणि परगावाहून येऊन राहिलेले परके. इतक्या थोडक्या वर्णनातही परक्यांचा उल्लेख त्याला वगळावासा वाटला नाही.

पण प्रवचन आणि परका माणूस यांचं नातं सगळ्यात उघड दिसतं ते लूकच्या चौथ्या अध्यायात. येशू आपल्या गावी, नासरेथला, शब्बाथ दिवशी सभास्थानात जातो. त्याच्या हाती यशया संदेष्ट्याची गुंडाळी देतात. गरिबांना शुभवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, अशा आशयाचा भाग तो वाचतो, गुंडाळी परत देतो आणि खाली बसतो. त्या काळी शिकवणारा बसून शिकवत असे. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. तो म्हणतो, हा शास्त्रलेख आज तुमच्यासमोर पूर्ण झाला. इथपर्यंत गावकरी खूश आहेत. आपला योसेफाचा मुलगा किती छान बोलतो, असं चाललेलं असतं.

मग तो दोन जुन्या गोष्टी काढतो. एलीया संदेष्ट्याच्या काळात मोठा दुष्काळ पडला तेव्हा इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या, पण एलीयाला पाठवलं ते सीदोन प्रांतातल्या सारफथच्या एका विधवेकडे. अलीशा संदेष्ट्याच्या काळात इस्राएलात कुष्ठरोगी पुष्कळ होते, बरा झाला तो नामान अरामी. दोघंही परके, परधर्मी. नामान तर शत्रूच्या सैन्याचा सेनापती. हे ऐकून सभास्थानातले सगळे संतापतात, त्याला गावाबाहेर काढतात आणि डोंगराच्या कड्यावरून लोटून द्यायला नेतात. तो त्यांच्यामधून निघून जातो.

मी हा उतारा जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा त्यातल्या एका गोष्टीशी थांबते. गरीब, बंदिवान, आंधळे यांच्याबद्दल ऐकताना कुणाला राग आला नाही. देवाची कृपा आपल्या ओळखीच्या माणसांना ओलांडून भलत्यालाच मिळाली, हे ऐकल्यावर आला. लूकनं येशूच्या सेवेच्या अगदी आरंभी ठेवलेलं हे प्रवचन परक्यांच्या प्रश्नावर येऊन मोडतं. प्रवचन करायला उभं राहताना हे लक्षात ठेवावं लागतं. समोरचे सगळे माना डोलवत असतील तर नामानाची गोष्ट अजून सांगायची राहिली आहे असं समजावं.

मराठीत हे काम फार जुनं आहे. मूळचे इंग्लंडचे, 1579 साली गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत क्रिस्तपुराण रचलं आणि 1616 साली ते साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत छापलेल्या. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती, त्या जागी ऐकायला काही नव्हतं. फादर स्टीफन्सनी त्यांच्या हातात प्रश्नोत्तरांचं पुस्तक देऊन काम संपलं असं मानलं नाही. ज्या छंदात ते लोक पिढ्यान्‌पिढ्या देवाचं ऐकत आले त्याच छंदात बायबल सांगितलं.

तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हेच केलं. टिळक स्वतः नवखे म्हणूनच आत आले. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी गप्पा झाल्या आणि त्यानं नवा करार हातात दिला, ही त्यांची गोष्ट त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे घरोघरी माहीत आहे. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे आमच्या नगरात राहून त्यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, अभंग लिहिले. आजही ‘उपासना संगीत’ उघडलं की दर थोड्या पानांनी त्यांचं नाव येतं. आयुष्याच्या अखेरीस, 1917 साली, त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत अशी कल्पना होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि तो दरबार पुढे फार टिकला नाही. मला मात्र त्यांच्या सगळ्या कामात हेच सर्वांत धाडसाचं वाटतं. आत यायला आधी कागदपत्रं दाखवावी लागू नयेत, इतकं साधं म्हणणं होतं ते.

आणि पंडिता रमाबाई. दुष्काळातून वाचवून आणलेल्या बायकामुलींना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की छापील बायबलची मराठी यांच्यासाठी जड आहे. तेव्हा हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी संपूर्ण बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम हातावेगळं झालं होतं. संस्कृतात ‘पंडिता’ ही पदवी मिळवलेल्या बाईनं आयुष्याची शेवटची वर्षं सोपं लिहिण्यासाठी खर्च केली. आमच्यातल्या ज्या वक्त्यांना अवघड शब्दांनी प्रवचनाला वजन येतं असं वाटतं त्यांनी याचा विचार करावा.

माझी तयारी अशी असते. उतारा आठवड्याच्या सुरुवातीला एकदा मोठ्यानं वाचते, नुसता. कुठं अडखळायला झालं तिथं पेन्सिलीनं खूण. मग त्याच्या आधीचा आणि नंतरचा अध्याय वाचते. हे दुसरं काम टाळलं की काय होतं याचं एक उदाहरण आमच्या प्रत्येक घरात भिंतीवर टांगलेलं आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताच्याच योजना आहेत, तुम्हाला आशेचा भविष्यकाळ द्यायच्या, असा त्याचा आशय. कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, दहावीच्या निकालाच्या शुभेच्छांत हे वचन असतं. नोकरी मिळेल, व्हिसा मिळेल, असं त्यावरून सांगणारी प्रवचनंही होतात.

मूळ पत्र कुणाला आहे? बाबेलच्या राजानं यरुशलेमेतून धरून नेलेल्या लोकांना. हनन्या नावाचा एक संदेष्टा यरुशलेमेत सांगत होता की दोन वर्षांत सगळं ठीक होईल, नेलेले लोक घरी येतील. यिर्मया लिहितो, दोन नाही, सत्तर. म्हणजे पत्र वाचणाऱ्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. तोवर काय करायचं? घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा. आणि ज्या शहरात तुम्हाला नेऊन टाकलं आहे त्या शहराचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. शत्रूच्या शहरासाठी! हे सगळं झाल्यावर मग ते अकरावं वचन येतं. संदर्भासकट वाचलं की ते कितीतरी अवघड होतं, आणि कितीतरी मोठंही. परक्या गावात जन्म काढावा लागलेल्यांना ते सांगितलेलं आहे. एमआयडीसीत कामाला आलेला, खोलीत चौघांबरोबर राहणारा मुलगा मागच्या बाकावर बसलेला असेल तर त्याला व्हिसाच्या आश्वासनापेक्षा हे पत्र जवळचं वाटेल.

तिसरं काम म्हणजे लिहिलेलं पुन्हा वाचून, आमच्या मंडळीबाहेरच्या कुणाला कुठं थांबावं लागेल ते शोधणं. तारण, नीतिमत्त्व, करार, समेट असे शब्द आम्ही लहानपणापासून ऐकतो म्हणून ते कळतात असा आमचा समज असतो. एका प्रवचनात असे दोन शब्द आले तरी चालतील, पण आले की तिथंच उलगडून सांगायचे. ‘आपल्या सर्वांना ठाऊक आहेच’ हे वाक्य मी खोडूनच टाकते. ज्याला ठाऊक नाही त्याला त्या वाक्यानं बाहेर काढलं जातं.

लांबी हा एक वेगळाच विषय. ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलमधल्या पुस्तकात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि युतुख नावाचा तरुण झोप अनावर होऊन तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला, असं लूकनं नोंदवून ठेवलं आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2024 च्या जूनमध्ये पाद्रींना सांगितलं की प्रवचन आठ मिनिटांच्या पुढे जाऊ नये. आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत आठ मिनिटांत कुणाचं समाधान होणार नाही. पण वीस मिनिटांत जे सांगून झालं नाही ते चाळीस मिनिटांतही होत नाही, हे माझं ठाम मत आहे.

नवख्यांपुढे बोलण्याबद्दल मला सापडलेलं सगळ्यात चांगलं लिखाण सोळाशे वर्षांपूर्वीचं आहे. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांना कार्थेजच्या दिओग्रातियस नावाच्या डीकननं विचारलं होतं: नवीन माणसं माझ्याकडे शिकायला येतात, तेच तेच सांगून मला कंटाळा येतो, माझं बोलणं मलाच फिकं वाटतं, काय करू? साधारण 400 सालच्या सुमारास ऑगस्टीननी त्याला उत्तरादाखल एक छोटं पुस्तकच लिहिलं. त्यात ते म्हणतात की आपल्या गावातली सुंदर ठिकाणं आपण रोज पाहून न पाहिल्यासारखी ओलांडतो, पण बाहेरगावचा कुणी पहिल्यांदा बघायला आला की त्याच्याबरोबर आपल्यालाही ती नव्यानं दिसतात. तसं शिकवताना होऊ दे, त्या माणसावर प्रेम कर म्हणजे जुनं तुलाही नवं होईल. मग ते अगदी व्यवहाराचं सांगतात. ऐकणारा जांभया देऊ लागला, उठून जावंसं त्याला वाटू लागलं, तर त्याला दोष देऊ नकोस. तो थकला असेल. आपल्या भागात लोकांनी उभ्यानं ऐकायची पद्धत आहे, पण समुद्रापलीकडच्या काही चर्चमध्ये लोक बसून ऐकतात ते जास्त शहाणपणाचं आहे. त्याला बसायला जागा दे.

एवढा मोठा धर्मपंडित, आणि प्रवचनाच्या पुस्तकात बसायला जागा द्यायची आठवण करतो. म्हणून मी पुन्हा दाराशी येते.

नवा माणूस आत येतो तेव्हा आमच्याकडे साधारण काय होतं ते मी बघत असते. मागचे बाक आधीच भरलेले असतात, कारण जुन्यांना मागे बसायला आवडतं. नवख्याला सगळ्यांच्या नजरेखालून पुढे जावं लागतं. कुणीतरी म्हणतं, ही आमची जागा आहे. गीताचा क्रमांक पुकारला जातो, पुस्तक हातात असलं तरी तो आकडा गीताचा की पानाचा हे त्याला कळत नाही. पूर्वी सूचनांच्या वेळी नव्या लोकांना उभं करून नाव, गाव सांगायला लावायचे आणि टाळ्या व्हायच्या. यामागे प्रेम असायचं, मी ते नाकारत नाही. पण एक नर्सिंगची विद्यार्थिनी अशी उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना, ओढणीचं टोक दोन्ही हातांत घट्ट धरून ती नुसती उभी होती. ती पुढच्या रविवारी आली नाही. आता मी पंच मंडळींकडे आग्रह धरून ती पद्धत बंद करून घेतली आहे. उपासना संपल्यावर जवळ जाऊन बोलावं, तेही त्याची इच्छा दिसली तर.

आणि चहाच्या वेळी येणारा तो प्रश्न. आडनाव काय? मूळ गाव कोणतं? कोणत्या मिशनचे तुम्ही? महाराष्ट्रात राहणाऱ्या कुणालाही हे प्रश्न कशासाठी असतात ते समजावून सांगायची गरज नाही. आमच्या आजोबा-पणजोबांनी एका ताटलीतली भाकर आणि एका प्याल्यातला द्राक्षारस घ्यायला सुरुवात केली तेव्हा ती साधी गोष्ट नव्हती. त्यापायी घरं सुटली, पाणवठे बंद झाले. त्यांच्या नातवंडांनी हातात बिस्किट धरून आडनावावरून जात काढावी, याचं मला मनापासून दुःख होतं. याकोबानं सोन्याची अंगठी लिहिली. आज आमच्याकडे लिहिलं असतं तर आडनाव लिहिलं असतं.

आजकाल आणखी एका गोष्टीचं भान ठेवावं लागतं. चर्चमध्ये आलेला प्रत्येक जण ख्रिस्ती व्हायला आलेला नसतो. कुणी मैत्रिणीबरोबर येतं, कुणी नाताळची गाणी ऐकायला, कुणी घरात मृत्यू झाल्यावर नुसतं शांत बसायला. त्याचा फोन नंबर वहीत उतरवून घेण्याची घाई करणं मला पटत नाही. आलेल्याला बसू द्यावं, विचारलं तर सांगावं, निघाला तर जाऊ द्यावं. पाहुणचारात हिशेब आला की तो पाहुणचार राहत नाही.

लूकच्या शेवटच्या अध्यायात अम्माऊसची गोष्ट आहे. येशूच्या मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी दोन शिष्य यरुशलेमेहून सुमारे अकरा किलोमीटरवरच्या त्या गावी निघालेत. एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं दिलेलं नाही. वाटेत एक अनोळखी प्रवासी त्यांच्याबरोबर चालू लागतो आणि मोशेपासून सगळे संदेष्टे त्यांना उलगडून सांगतो. प्रत्यक्ष येशूनं केलेलं प्रवचन, आणि तरी ते त्याला ओळखत नाहीत. गाव येतं. तो पुढे जाणार असं दिसतं. ते दोघं म्हणतात, संध्याकाळ झाली, आमच्याकडे राहा, आणि आग्रह करून त्याला आत घेतात. तो भाकर मोडतो तेव्हा त्यांचे डोळे उघडतात. वाटेवर आपलं अंतःकरण पेटत होतं हे त्यांना मग आठवतं. त्यांनी त्याला दारातूनच निरोप दिला असता तर इतकं मोठं प्रवचन ऐकूनही ते होते तिथंच राहिले असते. म्हणून मी म्हणते की प्रवचन आणि स्वागत वेगळं करता येत नाही.

आमच्या मंडळीतल्या वाचकांना माझी विनंती आहे: येत्या रविवारी मागचे दोन बाक मोकळे ठेवा आणि पुढे येऊन बसा. आणि ज्यांनी कधी चर्चमध्ये पाऊल ठेवलेलं नाही, पण ऐकावंसं वाटतं, त्यांनी जवळच्या मराठी चर्चच्या फलकावर उपासनेची वेळ बघून खुशाल जावं. आधी कुणाला विचारावं लागत नाही. दानाची पिशवी समोर आली तर काही न टाकता पुढे दिली तरी चालते, आणि प्रभुभोजनाच्या वेळी जागेवर बसून राहिलं तरी कुणी वावगं मानत नाही.